कच्चें घर, पक्कें घर आणि गरिबाचें आरोग्य

महसुली दप्तरांत ज्या थोड्या शब्दांवर मोठमोठे हिशेब उभे असतात, त्यांत 'कच्चें' आणि 'पक्कें' हे दोन शब्द फार जुने आहेत. प्रस्तुत लेखकानें आपल्या कारकुनीच्या काळांत हे शब्द किती हजार वेळां लिहिले असतील, याची गणती नाहीं. पावसाळ्यांत घर पडलें कीं पंचनामा. पंचनाम्यांत घराचा प्रकार. आणि त्या रकान्यांत या दोहोंपैकीं एक शब्द. मातीच्या दर्जा दिसल्या कीं कच्चें, सिमेंट दिसलें कीं पक्कें, अशी आमची वहिवाट. लेखणी चालत असे, विचार मात्र तिच्याबरोबर चालत नसे. नोकरींतून मोकळा झाल्यावर आपणच लिहिलेल्या या शब्दांचा खरा अर्थ काय, हा प्रश्न मनास लागून राहिला. त्याचा शोध घेतांना जें दिसलें, तें शेतकरी वाचकांपुढें ठेवावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

एक पंचनामा

कांहीं वर्षांपूर्वीं आषाढांतल्या एका वादळी पावसानंतर चंदगड तालुक्याच्या पश्चिमेकडील एका वाडीवर पंचनाम्यास जाण्याचा प्रसंग आला. घर एका वृद्ध विधवेचें होतें. पुढचा भाग तिच्या सासऱ्यानें बांधलेला. जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंती, मातीच्या दर्जा आणि वर कौलें. मागचा भाग मुलानें मुंबईहून पैसे पाठवून नुकताच वाढविलेला. सिमेंटच्या ठोकळ्यांच्या पातळ भिंती आणि वर लोखंडी पत्रा. वाऱ्यानें मागचे पत्रे उचलून शेजारच्या भातखाचरांत नेऊन टाकले होते आणि उघड्या पडलेल्या भिंतीस वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. पुढच्या भागाचीं दहा-बारा कौलें सरकलीं होतीं, इतकेंच. म्हातारीनें भांडीं, धान्याची कणगी आणि नातवंडें त्या जुन्या भागांत आणून ठेविलीं होतीं.

मीं वहिवाटीप्रमाणें लिहिलें: पुढील भाग कच्चा, मागील भाग पक्का. लिहिलेलें वाचून दाखवा, असें म्हातारीनें सांगितल्यावरून तलाठ्यांनीं तें वाचून दाखविलें. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "भाऊसाब, पडलं तें पक्कं आणि उभं हाय तें कच्चं, असं कसं हो?"

तलाठी हंसले, मीहि हंसलों. तिचा अंगठा घेऊन आम्ही पुढच्या घरीं गेलों. परंतु त्या प्रश्नाचें उत्तर आमच्या दोघांजवळहि नव्हतें, म्हणूनच आम्ही हंसलों होतों, हें आज कळतें.

हा केवळ शब्दांचा खेळ असता तर त्याची एवढी चर्चा नको होती. परंतु शब्दामागून रक्कम जाते. नैसर्गिक आपत्तीच्या मदतीचे जे निकष २०२२ ते २०२६ या काळासाठीं ठरले, त्यांत घराचें निदान १५ टक्के नुकसान झालें असेल तर पक्क्या घरास ६,५०० रुपये आणि कच्च्या घरास ४,००० रुपये अशी तजवीज होती. पाऊस एक, तडा एक, राहणारा माणूस एकाच परिस्थितींतला. फरक काय तो रकान्यांतील शब्दाचा.

मोठ्या गणतींतहि हेंच दिसतें. २००१ च्या जनगणनेंत कायम स्वरूपाच्या घराची जी व्याख्या होती, तींत भिंतीसाठीं भाजलेली वीट, दगड व काँक्रीट यांच्या पंक्तीस लोखंडी पत्रा आणि ॲस्बेस्टॉसचा पत्रा यांनाहि बसविलें होतें. मातीची किंवा न भाजलेल्या विटेची भिंत मात्र तात्पुरत्या मालांत. म्हणजे बोटाच्या पेरापेक्षां पातळ असा पत्रा कायमचा, आणि हातभर जाड मातीची भिंत, जिच्या आडोशाला तीन पिढ्या वाढल्या, ती तात्पुरती. आरोग्य, गारवा, ऊब, हवा यांपैकीं कोणत्याहि गोष्टीस या व्याख्येंत जागा नव्हती.

आमच्या तालुक्याची हवा

घर चांगलें कीं वाईट, हें तें कोणत्या हवेंत उभें आहे यावरून ठरतें. चंदगड तालुका १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बेळगांव जिल्ह्यांत होता. त्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून तो कोल्हापूर जिल्ह्यांत आला. तालुका एकच, परंतु त्याच्या पोटांत हवामानें दोन आहेत. पश्चिमेस तिलारी आणि आंबोलीच्या घाटमाथ्याकडील वाड्यांवर पावसाळ्यांत आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाहीं. शेजारच्या आंबोलीचा पाऊस तर वर्षास सात हजार मिलिमीटरांच्या आसपास जातो. पूर्वेस कोवाड आणि बेळगांवच्या बाजूस जसजसें जावें, तसतसा पाऊस उतरत जातो आणि उन्हाचा ताप वाढतो. पश्चिमेकडील घराचा शत्रु ओल. पूर्वेकडील घराचा शत्रु उष्णता. एकच नकाशा घेऊन दोन्हीकडे घरें बांधणारा मनुष्य एका ठिकाणीं तरी चुकणारच.

जुन्या लोकांनीं ही गोष्ट पुस्तकांत वाचली नव्हती, पण त्यांच्या घरांत ती दिसते. पश्चिमेकडे छप्पराचा उतार तीव्र, वळचण खालपर्यंत ओढलेली, भोंवतीं पडवी, आणि पाऊस सुरू होण्यापूर्वीं वाऱ्याच्या बाजूस गवताचे झाप बांधण्याची चाल. धनगरवाड्यांवर कारवीच्या काठ्यांचे कूड, त्यांवर माती व शेण यांचा लेप, आणि वर गवताचें छप्पर. कारवी सात-आठ वर्षांनीं एकदां फुलते आणि मग वाळते. ती काठी हलकी व चिवट असते, आणि डोक्यावरून आणतां येते. ज्या वाड्यावर आजहि पावसाळ्यांत वाहन चढत नाहीं, तेथें सिमेंटचें एक पोतें पोंचविण्यास किती मजुरी पडते, हें ज्यानें तें पाठीवरून वाहिलें त्यासच ठाऊक.

जांभा आणि कौल

जांभा हें आपल्या भागाचें मोठें धन होय. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्यानें मलबारांत हा दगड पाहून १८०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत त्यास विटेच्या लॅटिन शब्दावरून नांव दिलें, आणि तेंच नांव जगभर रूढ झालें. विटेवरून नांव देण्याचें कारण असें कीं, खाणींत असतांना हा दगड मऊ असतो, कुऱ्हाडीनें कापतां येतो, आणि उघड्या हवेंत ठेविला म्हणजे कठीण होतो. भट्टी नको, कोळसा नको. हवा आणि ऊन हींच त्याची भट्टी. भारतीय मानकांत जांभ्याच्या चिऱ्यासाठीं स्वतंत्र मानक आहे. म्हणजे ज्यास आम्ही कचेरींत कच्चा माल समजत होतों, त्यास शास्त्रानें मान्यता देऊन बराच काळ लोटला होता.

जांभ्याच्या अंगीं छिद्रें पुष्कळ. त्यामुळें जाड भिंतींतून ऊन आंत यावयास वेळ लागतो आणि घर एकदम तापत नाहीं. परंतु याच छिद्रांमुळें तो पाणी पितो, हेंहि लक्षांत ठेविलें पाहिजे. म्हणून जुने गवंडी जोतें काळ्या दगडाचें करीत, वर चिरा लावीत आणि वळचण लांब काढीत. आतां अनेक ठिकाणीं वळचण तोकडी झाली आणि ओल दिसूं लागतांच भिंतीवर घट्ट सिमेंटचा गिलावा चढविला जातो. पाणी कोठून तरी आंत शिरतेंच. पूर्वीं तें चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यांतून वाळून जात असे, आतां तें गिलाव्यामागें कोंडलें जातें. दोन पावसाळ्यांनीं गिलावा फुगतो, सुटतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या चिऱ्यावर येतो.

कौलाची कथाहि अशीच. कुंभाराचीं नळीचीं कौलें पूर्वींपासून होतीं. मंगळुरी कौल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बाझेल मिशनच्या कारखान्यांतून मंगळुरास निघूं लागलें आणि पश्चिम किनाऱ्यावर व घाटमाथ्यावर सर्वत्र पसरलें. कौलाखालीं बारीक फटींतून हवा खेळते. चुलीचा धूर त्या फटींतून वर निघून जातो. एक कौल फुटलें तर एकच बदलावें लागतें.

मग लोकांनीं कौलें कां सोडलीं? येथें खेड्यांतील माणसास अडाणी ठरविणें अन्यायाचें होईल. दरवर्षींची शाकारणी करणारे हात मुंबईस व गोव्यास गेले. वाशांचें लांकूड महाग झालें. माकडांचे कळप कौलांवरून उड्या मारतात आणि ऐन ज्येष्ठांत निम्मीं कौलें फोडून ठेवितात. वाळवीनें एकदां वासा धरला कीं घरधन्याची झोंप जाते. शिवाय मुलीचें स्थळ पाहावयास येणारे पाहुणे प्रथम छप्पराकडे पाहतात. हीं सर्व कारणें खरीं आहेत. त्यांचें उत्तर न देतां 'जुनें तेंच सोनें' असें म्हणत बसणारा मनुष्य स्वतः बहुधा शहरांत स्लॅबखालीं राहत असतो.

पत्रा, स्लॅब आणि धूर

तथापि कौल सोडून जें घेतलें, त्यांत गरिबाचें आरोग्य किती राहिलें याचा हिशेब मांडला पाहिजे.

लोखंडी पत्रा स्वस्त आणि झटपट. पण चैत्र-वैशाखांत दुपारीं पत्र्याखालीं बाळंतीण आणि तान्हें मूल यांस निजवून पाहावें, म्हणजे स्वस्ताईची किंमत कळते. पावसाळ्यांत त्यावर एवढा आवाज होतो कीं घरांतल्यांस एकमेकांचें बोलणें ऐकूं येत नाहीं. मुलाचा अभ्यास बुडतो. थंडींत पहांटे आंतल्या बाजूस दंव धरून तें अंथरुणावर ठिबकतें. ज्यास आपण 'सिमेंटचा पत्रा' म्हणतों, त्यांतील जुना माल बहुधा ॲस्बेस्टॉसचा असतो. त्याचे सूक्ष्म तंतु श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन कर्करोगासारखे रोग होतात, असें जागतिक आरोग्य संघटनेचें स्पष्ट मत आहे. युरोपीय संघानें २००५ पासून त्याचा वापर बंद केला. असा पत्रा करवतीनें कापणें, फोडणें, त्यास भोंकें पाडणें हें सर्वांत घातक, कारण त्या वेळीं तंतु हवेंत उडतात.

स्लॅबची गोष्ट निराळी. चांगला घातलेला स्लॅब मजबूत असतो, यांत शंका नाहीं. परंतु तुटपुंज्या पैशांत घातलेला, पुरेसें पाणी न मारलेला स्लॅब दोन-चार पावसाळ्यांत पाझरूं लागतो. मग त्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घालतात. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागांत हिंडतांना स्लॅबवर पत्र्याचें छप्पर असलेलीं घरें किती दिसतात, तें वाचकांनीं मोजून पाहावें. गरिबानें एका घरास दोन छप्परांचा खर्च केला, आणि तोहि कर्ज काढून. उन्हाळ्यांत उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रीं तेंच खालीं सोडतो.

सर्वांत मोठी, परंतु कोणाच्या लक्षांत न येणारी गोष्ट धुराची आहे. घरांतील चुलीच्या व तत्सम इंधनांच्या धुरानें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लाख माणसें दगावलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत पांच वर्षांखालील बालकांची संख्या दोन लाखांहून अधिक होती. १ मे २०१६ रोजीं उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरांतहि गॅसची शेगडी आली, ही फार चांगली गोष्ट झाली. पण आमच्या पश्चिम भागांत चूल विझलेली नाहीं. न्हाणीचें पाणी तापविणें, भिजलेले कपडे वाळविणें, गुरांचें आंबोण शिजविणें यांस चूल लागतेच. कौलारू घरांत हा धूर कौलांतून निघून जात असे. तेंच घर पाडून वर स्लॅब घातला, चूल मात्र तशीच ठेविली आणि धुराडें केलें नाहीं, तर धुराची एकुलती एक वाट बंद होते. म्हणजे कागदोपत्रीं घर कच्च्याचें पक्कें झालें आणि घरच्या बाईच्या छातींत धूर अधिक भरूं लागला.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. धूर नळावाटे बाहेर नेणाऱ्या मगन चुलीचा प्रसार वर्ध्याच्या मगनवाडींतून झाला होता, आणि १९५३ सालीं हैदराबादचे डॉ. राजू यांनीं बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिका लिहून तिची रचना सर्वांस खुली केली होती. खर्च माती, शेण आणि एक नळ एवढाच. पण घराच्या नकाशांत धुराड्याची जागा कोणी काढली पाहिजे ना?

मातीचा दोष कोणता

येथें कोणी म्हणेल, माती-दगडाचीं घरें लातुरांत माणसांवर पडलीं, तें विसरलांत काय? विसरून चालणार नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत आठ-दहा हजार माणसें गेलीं, तीं बहुतांशीं स्वतःच्या घरांखालीं. गोल गोट्यांच्या, मातींत रचलेल्या जाड भिंती. आंतला व बाहेरचा थर एकमेकांस न बांधलेले. आणि वर माळवदाचा प्रचंड बोजा. धक्का बसतांच थर सुटले आणि माळवद खालीं आलें.

परंतु २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छांत भूकंप झाला, तेव्हां तेथील मातीचे गोल भुंगे पुष्कळ ठिकाणीं उभे राहिले, कारण त्यांचा आकार गोल आणि छप्पर हलकें होतें. दोन्हीकडे माल मातीचाच. फरक होता तो बांधणीचा. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ज्यांस आठवतो, त्यांना आपला प्रदेशहि यापासून मुक्त नाहीं हें सांगावयास नको. तेव्हां भिंतींत ठराविक अंतरावर आरपार दगड घालणें, कोपरे एकमेकांत गुंतविणें, आणि दारें-खिडक्यांच्या वर सर्व भिंतींभोंवतीं सळईसह काँक्रीटचा एक पट्टा फिरविणें, एवढ्यासाठीं सिमेंट खर्च करावें. तेथें कंजुषी नको. सिमेंट हें मिठासारखें आहे. योग्य जागीं चिमूटभर पाहिजेच. सबंध जेवण त्याचें करतां येत नाहीं.

जगाच्या दृष्टीनेंहि हा विचार लहान नाहीं. जगांत जो कर्बवायु मनुष्य हवेंत सोडतो, त्यांतील सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या निर्मितींतून येतो, असें मानलें जातें. लॉरी बेकर या इंग्रज स्थापत्यकारानें भारतांत येऊन सारा जन्म गरिबांचीं घरें बांधण्यांत घालविला. तो २००७ सालीं केरळांत वारला. तो सांगत असे कीं, खेड्यांतील घर पांच मैलांच्या आंत मिळणाऱ्या मालांतून बांधावें हा विचार त्यास महात्मा गांधींकडून मिळाला. स्लॅबच्या खालच्या भागांत, जेथें काँक्रीट ओझें पेलत नाहीं, तेथें जुनीं मंगळुरी कौलें घालून सिमेंट व लोखंड वांचविण्याची रीति त्यानें घराघरांत नेली. १९८५ सालीं केरळांत 'कॉस्टफोर्ड' ही संस्था निघाली आणि तिनें गवंड्यांस हें काम शिकविलें. आमच्याकडे घर पाडतांना निघालेलीं कौलें कुंपणाकडेला ढीग घालून ठेवितात. तींच कौलें नव्या स्लॅबच्या पोटांत घालतां येतील, हें सांगणारा गवंडी मात्र तालुक्यांत शोधावा लागतो.

नियम काय सांगतो

आतां मुख्य मुद्याकडे येतों. गरिबास घर बांधण्याइतका पैसा प्रायः सरकारी घरकुलांतूनच मिळतो. २०१६ सालीं प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग सुरू झाला, तेव्हां सपाट प्रदेशांत १,२०,००० आणि डोंगरी राज्यांत व दुर्गम भागांत १,३०,००० रुपये अशी रक्कम ठरली. घर निदान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारें २६९ चौरस फूट असावें आणि त्यांत स्वयंपाकाची स्वच्छ जागा असावी, असें ठरलें. २०२५ सालीं महाराष्ट्र शासनानें आपल्या बाजूनें आणखी ५०,००० रुपयांची भर जाहीर केली.

या योजनेच्या नियमांत पक्क्या घराची जी व्याख्या दिली, ती वाचून मी चकित झालों. नेहमींची वापराची झीज व नैसर्गिक परिस्थिति सोसून, वाजवी डागडुजीनें निदान तीस वर्षें टिकेल तें घर पक्कें. छप्पर कायम स्वरूपाच्या मालाचें असावें. आणि भिंती स्थानिक हवामानास तोंड देणाऱ्या असाव्यात, त्यांस गिलावा फक्त बाहेरची बाजू झिजणारी असेल तरच करावा. यांत सिमेंटची भिंत पाहिजे असें कोठेंहि नाहीं. चिरा नको, चुना नको, कौल नको, असेंहि नाहीं. उलट निरनिराळ्या राज्यांतील हवामान व स्थानिक माल लक्षांत घेऊन घरांचे नमुने काढून ते प्रसिद्ध करण्यांत आले, ग्रामीण गवंड्यांच्या प्रशिक्षणाची तजवीज झाली, आणि घर ठेकेदारानें नव्हे तर लाभार्थ्यानें स्वतः बांधावें, असा दंडक घातला गेला.

मग अडतें कोठें? अडतें तें आमच्यासारख्यांच्या हातांत. हप्ता बांधकामाच्या पायरीवर मिळतो आणि प्रत्येक पायरीचें छायाचित्र पाठवावें लागतें. चिरा मातींत बसविला किंवा वर कौल घातलें तर कोणी हरकत घेईल आणि हप्ता अडेल, या धास्तीनें गरीब मनुष्य शेजाऱ्यानें बांधलें तेंच बांधतो. त्यास नियम वाचून दाखविणारा कोणी नाहीं. जुनें घर कच्चें ठरलें म्हणून तो घरकुलास पात्र होतो. नवें मंजूर झालें म्हणून जुन्या जाड भिंती पाडतो. चिरे पायांत भरतो किंवा विकतो. आणि पातळ भिंतींच्या दोन खोल्यांवर पैसा संपला म्हणून खिडकी एकच ठेवितो, मोरीस उतार देत नाहीं, धुराडें तर स्मरणांतहि नसतें. ज्याची सही-शिक्क्याची ओळख आहे तो निभावून नेतो. वनजमिनीलगतच्या धनगरवाड्यावरील कुटुंब, भूमिहीन मजूर, एकटी विधवा, गांवकुसाबाहेरच्या वस्तींतील माणूस, यांच्या पदरीं मात्र तापणारी किंवा गळणारी पेटी येते, आणि जागेचा उतारा नसेल तर तीहि येत नाहीं. नियमानें जें दिलें होतें, तें आमच्या लेखणीच्या वहिवाटीनें अडविलें, असें म्हटल्यावांचून गत्यंतर नाहीं. त्या वहिवाटींत माझाहि हात होता.

घरकुल बांधणारांस कांहीं सूचना

(१) घराची जागा पाणी वाहून जाईल अशी निवडावी. जोतें निदान दीड-दोन फूट उंच व शक्यतो काळ्या दगडाचें करावें.

(२) जुन्या घराचे चिरे, वासे, कौलें आणि चौकटी पाडण्यापूर्वीं मोजून ठेवाव्या. चांगला चिरा पुन्हां वापरतां येतो. तो पायांत पुरूं नये.

(३) चिऱ्यांच्या दर्जांसाठीं सिमेंट एक भाग, चुना एक भाग व रेती सहा भाग असें मिश्रण पुरतें. त्यानें सिमेंट वांचतें आणि भिंत श्वास घेते. आंतून चुन्याचा हात द्यावा.

(४) दारें-खिडक्यांवरचा सळईचा पट्टा कोणत्याहि कारणानें गाळूं नये.

(५) खिडक्या समोरासमोर ठेवाव्या आणि आढ्याजवळ एक झरोका सोडावा. वाऱ्याच्या बाजूच्या खिडकीवर पुढें आलेला छज्जा करावा.

(६) वळचण दोन-अडीच फूट बाहेर काढावी. कौलांचा उतार दोन हातांस सव्वा हाताहून कमी ठेवूं नये. माकडांचा त्रास असेल तेथें खालीं पत्रा व वर कौल असें केल्यास गळती थांबते आणि उष्णताहि कमी होते.

(७) निव्वळ पत्राच परवडत असेल तर तो वाशांस आंकड्यांनीं पक्का जखडावा आणि खालीं बुरुडाकडील बांबूच्या तट्ट्यांचें छत करावें. जुना सिमेंटचा पत्रा काढणें भाग पडल्यास तो भिजवून, न फोडतां, सबंध उतरवावा.

(८) चूल राहणार असेल तर धुराडें नकाशांतच काढावें. गोठा घरास चिकटवूं नये.

(९) घर पति-पत्नी दोघांच्या नांवें किंवा पत्नीच्या नांवें नोंदवावें. आणि नोंद झाली कीं नाहीं हें स्वतः उतारा घेऊन पाहावें.

याहून महत्त्वाची एक गोष्ट एकट्यादुकट्याच्या हातून होणार नाहीं. ती ग्रामसभेनें करावी. घरकुलांची यादी ग्रामसभेपुढें येते, त्याच वेळीं आपल्या गांवच्या हवेस व मालास साजेल असा एखादा नमुना ठरवून, संबंधित अभियंत्याकडून तो आधींच मान्य करून घ्यावा. एकदां नमुना मान्य झाला कीं हप्ता अडण्याची धास्ती जाते, आणि पांच-दहा घरें एकाच तऱ्हेनें बांधलीं तर गवंडी, चिरा व चुना सर्वांसच स्वस्त पडतात. त्या घरांवर गांवांतील दोन-चार तरुणांनीं चिऱ्याचें, चुन्याचें आणि कौलाच्या पोटभरणीचें काम शिकून घेतलें तर त्यांच्या हातांस पुढेंहि काम राहील.

त्या वाडीकडे गेल्या वर्षीं पुन्हां जाणें झालें. म्हातारी आतां हयात नाहीं. मुलगा मुंबईहून परत आला असून त्याचें घरकुल मंजूर झालें आहे, आणि जुन्या भिंती पाडाव्या कीं ठेवाव्या या विचारांत तो होता. मीं त्यास पट्ट्याची गोष्ट सांगितली, वळचण वाढवावयास सांगितलें आणि वरील व्याख्या कागदावर उतरून दिली. त्यानें कागद घडी घालून खिशांत ठेविला आणि विचारलें, "भाऊसाहेब, हें साहेबांना चालेल काय?" मीं सांगितलें, नियमांत आहे, विचार, आणि गरज पडली तर मी बरोबर येतों. पावसाळा संपल्यावर त्यानें काम सुरू करावयाचें ठरविलें आहे. भिंती अद्याप उभ्या आहेत.